डिझेल काढून पेट्रोल बसवायचं? नगरच्या रस्त्यावरच्या इंजिनांची उलटसुलट गोष्ट

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत बसून हेडफोन घरी राहिल्याचं लक्षात आलं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून ठेवतोय. बोललो तसंच आहे. फक्त 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' थोडे कमी केलेत.

या भागाची सुरुवात एका व्हॉइस मेसेजने झाली. राहुरी तालुक्यातला एक श्रोता, वय तेवीस-चोवीस. त्याच्या आजोबांचा जुना टाटा १२१० ट्रक दारात उभा आहे. एमएच-१७ पासिंग यायच्या आधीचा नंबर. आजोबांनी त्यावर ऊस ओढला, कांदा ओढला, वाळूही ओढली. आता इंजिन गेलंय. सकाळी चालू करायला अर्धा तास लागतो, धूर निळा, ऑइल दर दोन दिवसांनी कमी, आणि ऑइलच्या झाकणातून भसाभस वाफ येते. ज्यांना गॅरेज माहीत आहे त्यांना कळलं असेल, रिंगा आणि लायनर दोन्ही संपलेत. फुल इंजिन काम काढलं तर खर्च मोठा. वडील म्हणतात भंगारात द्या. आजोबा काही बोलत नाहीत, नुसते ट्रकजवळ जाऊन उभे राहतात.

मग एका ओळखीच्या मिस्त्रींनी सुचवलं, माझ्याकडे लष्कराच्या गाडीतून काढलेलं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पडलंय, स्वस्तात देतो, बसवून टाक. पोराने मला विचारलं, "दादा, असं करतात का? आधी कुणी केलंय का?"

हा प्रश्न मला आवडला. कारण आपल्याकडे करायचे ते नेमकं याच्या उलट! पेट्रोल काढायचे आणि डिझेल बसवायचे. पन्नास वर्षं सगळा देश त्याच दिशेने चालला होता. मग ते इंजिन स्वस्तात का मिळतंय, हेही कळतं. पण त्यासाठी आधी नगरच्या रस्त्यावर जावं लागेल.

१ जून १९४८. एसटीचा वाढदिवस म्हणून ही तारीख तुम्ही ऐकली असेल. पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर. बेडफर्डची गाडी, तीस सीट, लाकडी बॉडी, काथ्या भरलेल्या गाद्या. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. लोकांनी गावोगाव गाडी थांबवून ओवाळलं वगैरे गोष्टी आपण दर १ जूनला वाचतो. पण त्या गाडीच्या बॉनेटखाली काय होतं, हे कुणी विचारत नाही.

बेडफर्ड ही जनरल मोटर्सची इंग्लंडमधली शाखा. त्या काळच्या बेडफर्डच्या बस-ट्रकात येणारं इंजिन म्हणजे सहा सिलिंडरचं, साधारण साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन. १९५०चं दशक अर्ध्याच्या पुढे सरकेपर्यंत बेडफर्डकडे स्वतःचं डिझेल इंजिनच नव्हतं. आज डिझेलचा वास आणि एसटी हे समीकरण आपल्या नाकात पक्कं बसलंय, पण सुरुवातीच्या त्या बेडफर्ड गाड्या ज्या घराण्यातल्या, ते घराणं पेट्रोलचं होतं.

सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात बेडफर्डशिवाय शेवरले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, सेडन, कॉमर, फियाट अशी दहा घराण्यांची खिचडी होती. विचार करा डेपोतल्या फिटरचे काय हाल झाले असतील. दहा कंपन्यांचे दहा पाने, दहा प्रकारची गॅस्केटं. यातल्या अमेरिकन वळणाच्या गाड्या बहुतेक पेट्रोलच्या, लेलँडसारख्या ब्रिटिश भारी गाड्या डिझेलच्या.

त्याच्या थोडं मागे जाऊ. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा पेट्रोल रेशनवर गेलं, १९४१ पासून. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते ४५ नेहरू, मौलाना आझाद वगैरे नेते कैदेत होते, आणि बाहेर मोटारवाले कूपन हातात घेऊन पेट्रोलची वाट बघत होते. तेव्हा देशभर एक जुगाड चालला. गाडीच्या मागे किंवा बाजूला पत्र्याची उभी टाकी, तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा, अर्धवट जळून जो गॅस निघेल तो गाळून थेट इंजिनात द्यायचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, काहींनी 'कोळशावरची मोटर' ऐकली असेल. गाडीचा दम जवळजवळ अर्ध्यावर यायचा, चढावर प्रवाशांना उतरून ढकलावं लागायचं, पण गाडी चालायची.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कोळशाचा गॅस पेट्रोल इंजिनात चालला, कारण तिथे स्पार्क प्लग असतो. जळणारं काहीही हवेत मिसळून आत द्या, प्लग ठिणगी टाकतो आणि काम होतं. डिझेल इंजिनात प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबतात की ती स्वतःच तापते आणि डिझेलचा फवारा पडला की भडका उडतो. त्या काळच्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण सहा-सात पट दाबली जायची, डिझेलमध्ये सोळा-सतरा पट. म्हणून डिझेल इंजिनाचा ब्लॉक जाड, क्रँक जाड, हेड जाड, सगळंच वजनदार. आणि तो खडखड आवाज, तोही त्यातूनच येतो.

युद्ध संपलं. लष्कराने हजारो गाड्या लिलावात काढल्या. शेवरले, फोर्ड, डॉज, सगळ्या पेट्रोलच्या. ज्याच्याकडे थोडा पैसा आणि धाडस होतं त्याने एखादी घेतली, लाकडी हौदा बसवला, झाला ट्रकमालक. नगर तर लष्कराचंच गाव. १९४८ मध्ये इथे आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल उभं राहिलं. गाड्यांची तपासणी करणारी लष्करी संस्था फाळणीआधी रावळपिंडीजवळ चकलाला इथे होती, तीही फाळणीनंतर नगरला आली. आज तिला आपण व्हीआरडीई म्हणतो. तिचं नाव लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा येणार आहे.

तर आता या ट्रकमालकांचं बघा. गाडी आहे, भाडं आहे, पण पेट्रोल महाग. गाडी जितकी जास्त चालेल तितका खर्च डोळ्यांत येतो. इथे एंट्री होते पर्किन्सची.

फ्रँक पर्किन्स नावाच्या इंग्रज माणसाने १९३२ मध्ये पीटरबरो गावात कंपनी काढली. कंपनी ट्रक बनवत नव्हती, बस बनवत नव्हती. नुसतं डिझेल इंजिन, आणि तेही असं की दुसऱ्याच्या गाडीत बसावं. १९३७-३८ मध्ये त्यांनी पी-६ नावाचं इंजिन आणलं. सहा सिलिंडर, ४.७ लिटर, ८३ घोडे. पेट्रोल ट्रकातलं इंजिन उचलायचं आणि त्याच जागेत पी-६ ठेवायचं, हाच त्यांचा धंदा. म्हणजे इंजिन बदलणं हा गॅरेजवाल्याचा जुगाड नव्हता, तो एका मोठ्या कंपनीचा अधिकृत व्यवसाय होता! भारतात मद्रासच्या सिम्पसन कंपनीने १९५०च्या दशकात हे इंजिन इथेच बनवायला घेतलं. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, फार्गो आणि डिसोटो असे तीन नावांचे जवळजवळ एकच ट्रक बनत. त्यांच्यातही पर्किन्स आलं. जुने लोक आजही 'पर्किन्सवाली फार्गो' म्हणतात, ते यामुळे.

बरं, पेट्रोल ट्रकात डिझेल बसवणं म्हणजे चार नट उघडले, चार लावले, असं नव्हतं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या राहुरीच्या मित्राचं उत्तर इथेच आहे.

पहिली गोष्ट वजन. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे वाढवावे लागत. दुसरी, गिअरबॉक्सशी जोड. इंजिनाच्या मागचं बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सचं तोंड जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर मधे प्लेट घालायची, आणि ती एका केसाने जरी वाकडी बसली तर क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग महिनाभरात खाऊन टाकते. तिसरी, स्टार्टर आणि बॅटरी. सोळा पट दाबायला ताकद लागते, म्हणून बॅटरी मोठी.

चौथी गोष्ट फार लोकांना माहीत नसते, आणि तीच जिवावर येऊ शकते. ब्रेक. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की कार्बोरेटरमधली पाकळी बंद होते आणि इंजिन हवा ओढायला धडपडतं. त्यातून जी ओढ तयार होते, म्हणजे व्हॅक्यूम, ती पाइपने घेऊन ब्रेकला मदत म्हणून वापरायचे. डिझेल इंजिनात सहसा अशी पाकळीच नसते. हवा मोकळी येते, कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल. म्हणजे इंजिन बदललं आणि ब्रेकचा विचार केला नाही, तर पायाखालचा ब्रेक दगडासारखा घट्ट. म्हणून डिझेल बसवताना वेगळा एक्झॉस्टर पंप लावावा लागे. करंजी घाटात किंवा संगमनेरच्या चंदनापुरी घाटात भरलेला ट्रक उतरवताना हे विसरलेला माणूस पुढची खेप करायला उरला नसता.

पाचवी गोष्ट म्हणजे मागचा एक्सल, आपल्या भाषेत क्राउन-पिनियन. पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांवर खुलतं. डिझेल ट्रकचं इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतं, अडीच-तीन हजारांच्या आतच त्याचा खेळ संपतो. म्हणून दोघांचे दाते वेगळे ठरवलेले असतात. पेट्रोलच्या एक्सलवर डिझेल लावलं तर गाडी बोंबलते पण पळत नाही.

एवढं सगळं करूनही लोक डिझेल लावत होते. का? कारण एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते, जास्त दाबामुळे त्यातली जास्त कामाला येते, आणि वरून सरकारने डिझेलवर कर कमी ठेवला. ट्रक, एसटी, शेतीचा पंप, रेल्वे, सगळं डिझेलवर. डिझेल महागलं की भाजी महागणार, हे गणित प्रत्येक सरकारला पाठ होतं.

आणि एक सांगायला हवं, डिझेल आपल्या भागाला परकं नव्हतं. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात देशातलं पहिलं डिझेल इंजिन बनलं असं मानतात. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून. विहिरीवर धडधडणारं डिझेल इंजिन शेतकऱ्याला आधी भेटलं, ट्रकातलं नंतर. त्यामुळे गावातल्या फिटरला नोझल, पंप, हेड हे सगळं ओळखीचं होतं. मला वाटतं, डिझेल जिंकण्यामागे हे कारण कराइतकंच मोठं आहे. रात्री बारा वाजता नेवासा फाट्यावर गाडी बंद पडली तर तिथे जो माणूस उठून येणार आहे त्याला काय दुरुस्त करता येतं, यावर धंदा चालतो.

१९५३-५४ मध्ये काही गोष्टी एकदम घडल्या. सरकारने सांगितलं की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, सुटे भाग इथेच बनवा. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डनेही गाशा गुंडाळला. आणि १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झबरोबर जमशेदपूरला डिझेल ट्रक काढायला सुरुवात केली. दक्षिणेत अशोक मोटर्सचं १९५५ मध्ये अशोक लेलँड झालं. आता ट्रक जन्मालाच डिझेल येऊ लागला. पेट्रोल ट्रकाचा दिवस संपला.

नगर जिल्ह्यात त्याच सुमारास दुसरं काही घडत होतं. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग एकामागून एक कारखाने. ऊस आधी बैलगाडीने येई, अजूनही काही येतो, पण लांबचा ऊस ट्रकनेच आणायचा. आमच्या मित्राच्या आजोबांचा टाटा याच जगात आला. म्हणजे तो ट्रक डिझेलसाठीच घडवलेला. चासी डिझेलची, गिअरबॉक्स डिझेलचा, एक्सल डिझेलचा.

मग ते लष्करी पेट्रोल इंजिन कुठून आलं?

लष्कराचं गणित वेगळं होतं. तिथे प्रति किलोमीटर खर्चापेक्षा थंडीत पटकन चालू होणं आणि हलकं असणं महत्त्वाचं. जबलपूरला निसानच्या परवान्यावर दोन गाड्या बनत. एक टनाची कॅरिअर आणि जोंगा. दोन्हींत जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. जोंगा तुम्ही यूट्यूबवर पाहिली असेल, दणकट, रुंद, हिरवी. १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत ती बनली. लष्कराने जुन्या जोंगा लिलावात काढल्या की शौकीन लोक त्या घ्यायचे, आणि पहिलं काम काय करायचे? पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवायचे! कारण ते पेट्रोल इंजिन पोसणं म्हणजे घरी हत्ती पाळणं. उतरवलेली इंजिनं मग गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहायची.

आता कळलं? मिस्त्रींकडे पडलेलं इंजिन असं कुणाच्यातरी गाडीतून नको म्हणून काढलेलं असणार, माझा हा अंदाज आहे. नको असलेली वस्तू स्वस्त असते.

नगरला कधी आलात तर कॅव्हलरी टँक म्युझियम बघा. १९९४ मध्ये सुरू झालंय. तिथे हीच गोष्ट पन्नास टनांच्या वजनात बघायला मिळते. सेंच्युरियन रणगाड्यात रोल्स-रॉइसचं मीटिओर नावाचं २७ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६५० घोडे. १९६५ मध्ये याच सेंच्युरियननी असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटनची वाट लावली, आणि ते पॅटनही पेट्रोलचेच. म्हणजे त्या दिवशी पंजाबच्या उसाच्या शेतात दोन्ही बाजूंचे बरेच रणगाडे पेट्रोल पीत होते. पुढे इस्रायलने आपल्या सेंच्युरियनमधलं पेट्रोल इंजिन काढून अमेरिकन डिझेल बसवलं. कारणं तीच, आपल्या ट्रकवाल्यांची. एका टाकीत जास्त लांब जाता यावं. आणि गोळा लागला तर डिझेल पेट्रोलइतकं चटकन पेटत नाही. रणगाडा असो की फार्गो, बाण एकाच दिशेला होता.

मग बाण उलटा कधी फिरला? मुंबईत.

१९९० च्या दशकात मुंबईच्या बऱ्याच काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींना डिझेल इंजिनं बसली होती. पेट्रोल परवडत नाही म्हणून, दुसरं काय. धूर इतका की रस्त्याकडेला राहणाऱ्या लोकांनी १९९९ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिकडे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सगळ्या बस सीएनजीवर आणायचा आदेश दिला होता. मुंबईतही पुढच्या दोन-तीन वर्षांत जुन्या टॅक्सींना, डिझेलच्या तर आधी, स्वच्छ इंधनावर या नाहीतर रस्त्यावरून उतरा असं सांगण्यात आलं.

आता इथे तो कोळशाच्या गॅसचा मुद्दा आठवा. सीएनजीचं साधं किट बसतं ते प्लगवाल्या इंजिनावर. म्हणजे ज्या टॅक्सीवाल्याने कर्ज काढून पेट्रोलचं डिझेल केलं होतं, त्याला आता झिजलेलं डिझेल इंजिन उतरवून पुन्हा पेट्रोल इंजिन शोधायचं, ते बसवायचं, आणि त्यावर सीएनजीचं किट लावायचं! आमच्या मित्राने जे विचारलं ते या माणसांनी खरंच केलंय. फक्त एक फरक आहे, फार मोठा. त्यांची पद्मिनी मुळात पेट्रोलची गाडी होती. गिअरबॉक्स, एक्सल, माउंटिंग, सगळं पेट्रोलसाठीच केलेलं. ती गाडी आपल्या मूळ घरी परत गेली. आणि पेट्रोल त्यांनी पेट्रोल म्हणून जाळलंच नाही, वर स्वस्त गॅस जाळला. म्हणून ते टिकले. तरीही दोनदा इंजिन बदलायचा खर्च त्यांच्या खिशातून गेला. ज्या धुराबद्दल ओरड झाली तो त्यांनीच खाल्ला होता, रोज बारा तास, काच खाली करून. याबद्दल लिहिलेलं मला फार कमी सापडतं.

मोठ्या डिझेल बसचं सीएनजी करायचं असेल तर त्याच इंजिनाचा स्वभाव बदलतात. पिस्टन बदलून दाब कमी करतात, सतरावरून अकरा-बारापर्यंत. नोझलच्या जागी प्लग बसवतात. हवेच्या वाटेवर पाकळी लावतात. म्हणजे डिझेलच्या अंगात पेट्रोलचा आत्मा. ब्लॉक जाड असल्यामुळे तो हे सहन करतो.

मग २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी बंधनातून मोकळे झाले. दोघांमधलं अंतर कमी झालं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेलचा धूर साफ करायची यंत्रणा इतकी महाग की छोट्या गाडीत ती परवडेना. तुम्हाला माहितीये 'छोटा हत्ती', टाटा एस? २००५ मध्ये आला तेव्हा दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, टकटकटक आवाजावरून गल्लीत ओळखू यायचा. २०२० मध्ये कंपनीने स्वतःच त्याला पेट्रोल इंजिन दिलं. छोट्या मालगाडीत पेट्रोल परत आलं, तेही समोरच्या दाराने. आणि त्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. २००१ मध्ये पाच टक्के इथेनॉलचा पहिला प्रयोग झाला त्यात मिरज आणि आपल्या शेजारचं मनमाड होतं. म्हणजे नगरचा ऊस आधी डिझेल ट्रकमधून कारखान्यात जायचा, आता त्यातला थोडा पेट्रोलच्या टाकीतच जातो.

आणि तो पुणे-नगर रस्ता? १ जून २०२२ ला, एसटीच्या वाढदिवशी, पहिली विजेवरची 'शिवाई' बस त्याच मार्गावर धावली. बॉनेटखाली ना पेट्रोल ना डिझेल. बेडफर्डपासून चौऱ्याहत्तर वर्षं.

बरं, आता राहुरी.

मी त्याला पहिल्यांदा विचारलं, आरसी बुकवर इंधन काय लिहिलंय? डिझेल. मग कायद्याचं ऐक. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जी गाडी जशी बनवली त्यापेक्षा वेगळी करायची नाही. इंधन बदलायला मुभा आहे, पण ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा मान्यता मिळालेल्या किटसाठी. त्या मान्यतेची चाचणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक कोणती? आपली व्हीआरडीई, नगर. जी चकलाल्याहून आली ती. पण कोपऱ्यात पडलेलं लष्करी इंजिन घेऊन तू तिच्या दारात गेलास तर किट कुठंय असं विचारतील. त्याच प्रकारचं दुसरं डिझेल इंजिन टाकायचं असेल तर गोष्ट वेगळी, आरटीओत अर्ज करून इंजिन नंबर बदलून घेता येतो. पेट्रोल टाकून गुपचूप चालवलीस तर फिटनेस नाही, विमा नाही. आणि भरल्या ट्रकाने कुणाला धडक बसली तर आजोबांची जमीन विकूनही भागणार नाही.

मग पैशाचं गणित. हे मी फोनवर बोलता बोलता मांडलं, आकडे अंदाजाचे आहेत. समजा रोज शंभर किलोमीटर चाल. डिझेलवर लिटरला चार धरू, म्हणजे पंचवीस लिटर. पेट्रोलवर अडीच मिळाले तरी नशीब, म्हणजे चाळीस लिटर. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०५ धरलं तर एकीकडे २,२५० आणि दुसरीकडे ४,२००. रोज १,९५० रुपयांचा फरक. स्वस्तात मिळालेलं इंजिन किती दिवसांत महाग पडतं ते तूच मोज.

आणि मशीनचं. कागदावर त्या पेट्रोल इंजिनाचे घोडे कमी नाहीत, हे मिस्त्री बरोबर सांगतायत. पण ते घोडे वरच्या फेऱ्यांवर येतात आणि तुझा एक्सल डिझेलच्या दात्यांचा आहे. रिकामा ट्रक पळेल. दहा टन ऊस भरून शेतातून बांधावर चढवायला लागलास की पहिल्या गिअरमध्ये क्लच जळेल. ब्रेकची पाइप कुठून घेणार, रेडिएटरचं काय, पेट्रोलची टाकी सायलेन्सरपासून किती लांब, हे वेगळंच.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे जमतं, पण करू नये."

तसंच काहीसं. रिकामी गाडी प्रदर्शनात फिरवायची असती तर मी कदाचित वेगळं बोललो असतो. लोकांनी याहून वेड्या गोष्टी केल्यात. पण त्याला ट्रक चालवून पोट भरायचंय. मी त्याला दोन वाटा सांगितल्या. इंजिन खोलून ब्लॉक आणि क्रँक बघ. क्रँक ग्राइंड करण्याजोगा असेल तर नवे लायनर, पिस्टन, रिंगा टाकून तेच इंजिन बांध. १२१० चे सुटे भाग अजून मिळतात आणि हे काम करणारे हात नगरमध्ये आहेत. आणि आधी आरटीओत जाऊन विचार, या वयाच्या गाडीचं फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण होणार आहे का, खर्च किती. ते होत नसेल तर इंजिनावर एक रुपयाही घालू नको. तेव्हा वडिलांचं म्हणणं खरं.

परवा त्याचा पुन्हा मेसेज आला, फोटोसकट. इंजिन उतरवलंय, साखळीला लटकतंय. क्रँक एकदाच ग्राइंड झालेला निघाला, अजून एक साइज जागा आहे. आरटीओचं काम पुढच्या आठवड्यात, तोपर्यंत सामान आणायचं नाही असं ठरलंय. फोटोत मागे आजोबा दिसतात, स्टुलावर बसून पिस्टन कापडाने पुसत. पोराने खाली लिहिलंय, "दादा, हे चौथ्यांदा पुसतायत."

आरटीओत काय झालं ते कळलं की सांगतो. तुमच्या घरात 'पर्किन्सवाली' गाडी असेल, कोळशावरच्या मोटारीत बसलेलं कुणी असेल, किंवा टॅक्सीचं इंजिन दोनदा बदललेले कुणी काका असतील, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. फोन त्यांच्याजवळ धरा, पंखा बंद करा. भेटू पुढच्या भागात.